गांजाच्या फुलोऱ्याची पक्वता आणि राळग्रंथींचे निरीक्षण

ज्वारीचे पीक कापणीस आले किंवा नाही, हे ठरविण्यासाठी दाण्याच्या बुडाशी येणारा काळा ठिपका पाहण्याची रीत कृषिशास्त्रात रूढ आहे. हा ठिपका म्हणजे नुसता रंगबदल नव्हे. झाडाकडून दाण्याकडे अन्नरस वाहून नेणारा मार्ग त्या जागी बंद होतो आणि त्याची खूण म्हणून तो भाग काळा दिसतो. ठिपका आल्यानंतर दाण्याचे शुष्क वजन वाढत नाही. डोळ्यांना दिसणारे चिन्ह आणि ऊतकांत घडलेली घटना या दोहोंचा संबंध येथे इतका निकटचा आहे की, पहिल्यावरून दुसरीचा निश्चित बोध होतो. पक्वतेचे चिन्ह कसे असावे, याचा हा एक उत्तम नमुना होय.

गांजाच्या फुलोऱ्याबाबत प्रश्न याहून पुष्कळच अवघड आहे. येथे दाणा भरणे ही पक्वतेची खूण नसून उलट दाणा धरणे हाच दोष मानला जातो. जे पिकावयाचे ते फळ नव्हे, बीज नव्हे, तर फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथींत साठणारी राळ. या ग्रंथी प्रथम पाण्यासारख्या पारदर्शक, पुढे दुधी आणि अखेरीस पिवळसर तपकिरी, म्हणजे अंबराच्या रंगाच्या होतात. या रंगक्रमावरून फुलोऱ्याची पक्वता ठरविण्याची पद्धत आता सर्वत्र परिचित झाली आहे. तथापि हा रंग नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा विचार त्या प्रमाणात झालेला दिसत नाही. प्रयोगशाळेतील नमुनानिवड, औषधी द्रव्याचे प्रमाणीकरण आणि कायद्याने घालून दिलेली मर्यादा या तिन्ही ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे ठरत असल्याने त्याचे थोडे विवेचन करणे उचित होईल.

जुनी पारख

कॅनाबिस सटायव्हा ही वनस्पती सामान्यतः विभक्तलिंगी आहे; नर-फुले एका झाडावर आणि मादी-फुले दुसऱ्या झाडावर येतात. भांग, गांजा व चरस ही तिन्ही द्रव्ये याच एका वनस्पतीपासून मिळतात. भांग मुख्यतः पानांची, गांजा मादी-झाडाच्या फुलोऱ्याचा आणि चरस म्हणजे वेगळी काढलेली राळ. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या आणि १८९४ मध्ये अहवाल सादर केलेल्या भारतीय हेंप ड्रग्ज आयोगाने ११९३ साक्षीदारांच्या साक्षी घेऊन या द्रव्यांच्या लागवडीचा व वापराचा तपशील नोंदवून ठेवला आहे. बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातील नौगाव, मध्य प्रांतात खांडवा आणि मुंबई इलाख्यात तत्कालीन अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्हा ही त्या काळी गांजाच्या लागवडीची ठिकाणे होती.

या लागवडीत सर्वांत कौशल्याचे काम म्हणजे नर-झाडे परागकण सुटण्यापूर्वीच ओळखून उपटून टाकणे. त्यासाठी ‘पोद्दार’ किंवा ‘परखदार’ या नावाने ओळखले जाणारे जाणकार शेतात आणले जात. फुले उमलण्याच्या आधीच झाडाच्या ठेवणीवरून लिंगभेद ओळखणारी त्यांची नजर हेच त्यांचे भांडवल होते. परागण न झालेल्या मादी-फुलोऱ्यात बीज धरत नाही. नवी फुले येत राहतात व फुलोरा दाट होत जातो. पुढे पाने पिवळी पडून गळू लागली, किंजल्क सुकून तपकिरी झाले आणि फुलोरा हाताला चिकट लागू लागला म्हणजे तो काढणीस आला, असे समजले जाई.

ही पारख अनुभवाने आलेली असली तरी ती संपूर्ण झाडाची पारख होती, राळेची नव्हे. किंजल्क परागणानेही सुकतात आणि पाणी कमी पडल्यानेही सुकतात. पाने पिवळी पडण्यास नायट्रोजनाची उणीव पुरेशी होते. चिकटपणा राळ असल्याचे दर्शवितो. ती किती व कोणत्या अवस्थेत आहे, हे दर्शवीत नाही. यास्तव निरीक्षकाचे लक्ष झाडावरून फुलोऱ्याकडे आणि फुलोऱ्यावरून ग्रंथीकडे वळणे स्वाभाविकच होते.

ग्रंथींची रचना

मादी-फुलाच्या अंडाशयाला एक लहानसे छद गुंडाळून असते. राळग्रंथींची दाटी सर्वांत अधिक असते ती या छदाच्या बाहेरील पृष्ठावर. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातील हॅमंड व मालबर्ग यांनी १९७३ मध्ये क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने या ग्रंथींच्या आकारविज्ञानाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे तीन प्रकार मानले जातात. पहिला कंदाकार ग्रंथींचा. या इतक्या लहान असतात की, हातातील भिंगाने त्यांचा अभ्यास होऊ शकत नाही. दुसरा बिनदेठी ग्रंथींचा. यांचे गोल शीर्ष जवळजवळ पृष्ठभागालाच टेकलेले असते. तिसरा सदेठ ग्रंथींचा. यांत शीर्ष एका बहुकोशिकीय देठावर उचललेले असते. रंगावरून पक्वता पाहताना निरीक्षण होते ते या तिसऱ्या प्रकाराचे. त्याच्या शीर्षाचा व्यास साधारणतः ५० ते १०० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा विसावा ते दहावा भाग इतका असतो.

शीर्षाच्या तळाशी स्रावी कोशिकांची एक चकती असते. तिच्यावरची उपत्वचा स्राव साठू लागताच वर उचलली जाते आणि कोशिका व उपत्वचा यांच्यामध्ये एक पोकळी तयार होते. राळ साठते ती कोशिकांच्या आत नव्हे, तर या पोकळीत. या मांडणीस सबळ कारण आहे. टेट्राहायड्रोकॅनाबिनॉलिक अम्ल तयार करणारे एंझाइम या साठवण-पोकळीतच आढळते, असे सिरिकांतारामास व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले. या विक्रियेस ऑक्सिजन लागतो आणि तिच्यात हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते. ही द्रव्ये वनस्पतीच्या स्वतःच्या कोशिकांनाही घातक आहेत. ती कोशिकेबाहेर साठविणे ही एक प्रकारे ग्रंथीची आत्मरक्षणाची तरतूदच म्हणावी लागेल.

सदेठ व बिनदेठी ग्रंथींचे नाते बरीच वर्षे अस्पष्ट होते. लिव्हिंगस्टन व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्यावर प्रकाश पडला. ‘फिनोला’ या हेंपच्या वाणावर काम करताना त्यांना असे आढळले की, पानांवरील बिनदेठी ग्रंथींच्या चकतीत आठ कोशिका असतात, तर फुलोऱ्यावरील पक्व सदेठ ग्रंथींत त्या १२ ते १६ असतात. सदेठ ग्रंथी प्रथम बिनदेठीसारख्याच दिसतात व फुलोरा वाढत जाईल तसतसा त्यांना देठ येतो. जंबुपार प्रकाशात पक्व सदेठ ग्रंथींचे अनुस्फुरण ठळक निळे दिसते, तर बिनदेठी ग्रंथींचे तांबड्याकडे झुकलेले असते. टर्पिनांचे परस्पर प्रमाणही दोहोंत निराळे असते. तात्पर्य, फुलोऱ्यावर एकाच वेळी दिसणाऱ्या ग्रंथी एकाच वयाच्या किंवा एकाच जातीच्या आहेत, हे गृहीत धरणे मुळातच चुकीचे आहे.

रंगांतराचा अर्थ

मालबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रंथीच्या आयुष्याच्या तीन अवस्था मानल्या: स्राव चालू असलेली अवस्था, पक्व अवस्था आणि जीर्ण अवस्था. पारदर्शक, दुधी व तपकिरी या रंगांचा स्थूल मेळ या तीन अवस्थांशी बसतो. पोकळीत स्रावाचे सूक्ष्म थेंब जसजसे दाटत जातात, तसतसा आत शिरलेला प्रकाश विखुरला जाऊन शीर्ष दुधी दिसू लागते. पुढे स्रावी कोशिका सुकतात, नव्या स्रावाचा पुरवठा थांबतो आणि साठलेल्या द्रव्यात ऑक्सिडीभवनादी फेरफार होऊन तपकिरी छटा येते.

येथे एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. रंगावरून समजते ते ग्रंथीचे वय. तिच्यातील द्रव्याचे प्रमाण नव्हे. पाणी येण्याची वाट असलेला आणि तळाशी थोडी गळती असलेला हौद कल्पिला तर हा भेद स्पष्ट होईल. येणारे पाणी गळणाऱ्या पाण्याहून जास्त आहे तोवर पातळी चढते; दोन्ही समान झाली की पातळी कमाल होते; आवक थांबली की ती उतरू लागते. हौदातील पाण्याला शेवाळाचा रंग चढला यावरून ते पाणी जुने झाले एवढे कळते; हौद किती खोल होता किंवा किती भरला होता, हे कळत नाही. याच न्यायाने, कमी राळ देणाऱ्या हेंपच्या वाणाची ग्रंथी आणि गांजाच्या वाणाची ग्रंथी या दोन्ही दुधी दिसू शकतात. इंडियाना विद्यापीठातच १९७८ मध्ये सुट्या ग्रंथी एकेक उचलून त्यांचे वायुवर्णलेखनाने पृथक्करण करण्यात आले. ग्रंथीतील कॅनाबिनॉइडांचे प्रमाण वाण, ग्रंथीचा प्रकार आणि तिची अवस्था यांनुसार बदलते, असे या मालिकेतील कामावरून दिसून आले.

दुसरा गैरसमज अंबरवर्णाविषयीचा आहे. तपकिरी ग्रंथीतील टेट्राहायड्रोकॅनाबिनॉलाचे कॅनाबिनॉलात रूपांतर झालेले असते आणि अंबरवर्ण हा त्या कॅनाबिनॉलाचाच रंग होय, असे पुष्कळदा सांगितले जाते. यात अंशतः तथ्य आहे. परंतु दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. ताज्या झाडात टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल मुख्यतः अम्लरूपात असते. उष्णतेने किंवा दीर्घकाळ साठवणीने त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड निघून गेल्यावर मुक्त द्रव्य मिळते. आणि कॅनाबिनॉल साठते ते प्रामुख्याने काढणीनंतरच्या साठवणीत. मिसिसिपी विद्यापीठातील रॉस व एलसोहली यांनी साठवणीतील नमुन्यांचा अभ्यास केला असता खोलीच्या तापमानास पहिल्या वर्षी सुमारे १७ टक्के आणि चार वर्षांत सुमारे ४१ टक्के टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल नष्ट झाल्याचे आढळले. त्यामुळे जप्तीनंतर कोठारात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या गांजाच्या ग्रंथी तपकिरी दिसल्या, तर तो काढणीच्या वेळच्या पक्वतेचा पुरावा ठरत नाही. तो केवळ काळाचा पुरावा असतो. शुद्ध कॅनाबिनॉल तर स्वतः गडद रंगाचे नसते, हेही येथे विसरता कामा नये.

निरीक्षणाची पद्धती

वरील मर्यादा मान्य केल्या तरी ग्रंथींचे निरीक्षण निरुपयोगी ठरत नाही. ते स्वस्त आहे, नमुना नष्ट न करता करता येते आणि एकाच झाडावर पुनःपुन्हा करता येते. मात्र ते गणनेच्या स्वरूपात झाले पाहिजे. ‘फुलोरा दुधी झाला’ हे विधान शास्त्रीय नोंद होऊ शकत नाही. ‘अमुक छदांवरील १०० ग्रंथींपैकी इतक्या पारदर्शक, इतक्या दुधी व इतक्या तपकिरी’ हे होऊ शकते.

या गणनेत चार काळज्या घ्याव्या लागतात. पहिली जागेची. फुलोऱ्यातील लहान पानांवरील ग्रंथी आणि छदांवरील ग्रंथी यांची वाढ एकाच गतीने होत नाही. शेंड्याकडील व बुडाकडील फुलेही समवयस्क नसतात. म्हणून निरीक्षणाची जागा आधी ठरवून ती सर्व झाडांवर कायम ठेवावी. दुसरी प्रकाशाची. पिवळ्या दिव्याखाली दुधी ग्रंथीही अंबरवर्णी भासते. काही वाणांत ऊतकांतच जांभळे रंगद्रव्य असते आणि त्याची छटा पारदर्शक शीर्षातून दिसते. पांढरा प्रकाश व ठराविक विवर्धन यांशिवाय दोन दिवसांच्या नोंदींची तुलना करता येणार नाही. तिसरी हाताळणीची. शीर्ष आणि देठ यांचा सांधा नाजूक असतो. नुसत्या स्पर्शाने शीर्षे तुटतात. यासाठी पारदर्शक, दुधी व तपकिरी यांच्या जोडीला ‘तुटलेली’ असा चौथा वर्ग ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा सर्वांत जुन्या, म्हणजे सहज तुटणाऱ्या ग्रंथी गणनेतून गळून जाण्याचा संभव राहतो.

चौथी काळजी संख्याशास्त्राची. फुलोऱ्यावर तपकिरी ग्रंथींचे खरे प्रमाण २० टक्के आहे, असे समजू. यदृच्छेने १०० ग्रंथी मोजल्या तर त्या गणनेची प्रमाण त्रुटी चार टक्के येते. म्हणजेच वेगवेगळ्या गणनांत १२ पासून २८ पर्यंत कोणताही आकडा येणे अगदी साहजिक आहे. एकाच छदावरील ग्रंथी जवळजवळ समवयस्क असल्याने त्या परस्परनिरपेक्ष नसतात, त्यामुळे प्रत्यक्षातील त्रुटी याहून मोठीच असते. सोमवारी १५ टक्के आणि गुरुवारी २२ टक्के असा फरक आढळल्यास तो पक्वतेतील वाढ मानण्यापूर्वी विद्यार्थ्याने हा हिशेब करून पाहावा. एकाच छदावरील शंभर ग्रंथी मोजण्यापेक्षा दहा छदांवरील दहा-दहा मोजणे अधिक हितावह, हेही यावरून उघड होते.

निरीक्षकाच्या वैयक्तिक मताचा प्रभाव कमी करण्यासाठी अलीकडे छायाचित्रांचा व संगणकाचा आधार घेतला जात आहे. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये छायाचित्रांतील ग्रंथींचे रंगानुसार आपोआप वर्गीकरण करण्याची रीत प्रसिद्ध केली. यंत्र थकत नाही आणि त्याचा निकष रोज बदलत नाही, हा तिचा लाभ. परंतु यंत्रही रंगच पाहते. रंग व द्रव्य यांतील अंतर त्याने भरून निघत नाही. त्यासाठी त्याच दिवशी, त्याच जागेवरून घेतलेल्या नमुन्याचे रासायनिक पृथक्करण हवेच. त्यातही द्रववर्णलेखनात अम्ल व मुक्त द्रव्य वेगवेगळी मोजता येतात, तर वायुवर्णलेखनातील उष्णतेने अम्लाचे रूपांतर होऊन, पूर्वप्रक्रिया केली नसल्यास, दोहोंची बेरीजच हाती येते. आकड्यासोबत पद्धतीचा उल्लेख नसेल तर दोन अभ्यासांची तुलना फोल ठरते.

कायद्याच्या दृष्टीने

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. भारतातील १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमात गांजा म्हणजे या झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे, अशी व्याख्या आहे. शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया तिच्यातून वगळल्या आहेत. व्याख्या आकारविज्ञानाची आहे. शेंडा पक्व आहे की अपक्व, त्यावरील ग्रंथी पारदर्शक आहेत की तपकिरी, हे ती विचारत नाही. परंतु त्याच ग्रंथी झाडापासून वेगळ्या काढल्या की त्या चरस ठरतात. गांजाची व्यापारी मात्रा २० किलोग्रॅम, तर चरसाची एक किलोग्रॅम आहे. शीर्ष देठावर आहे की देठावरून सुटले आहे, एवढ्या एका शारीरिक भेदावर कायद्याचे माप वीसपट बदलते.

याउलट हेंपच्या लागवडीस जेथे परवानगी आहे, तेथे निकष रसायनाचा असतो. उत्तराखंडात तंतू व बियांसाठी परवान्याने होणाऱ्या लागवडीस, तसेच अमेरिकेत २०१८ च्या कृषी कायद्यान्वये हेंप ठरविताना, ०.३ टक्के टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल ही मर्यादा घेण्यात आली. या आकड्याचे मूळ पाहण्यासारखे आहे. अर्नेस्ट स्मॉल व आर्थर क्रॉन्क्विस्ट यांनी १९७६ मध्ये या वनस्पतीचे वर्गीकरण करताना दोन उपजातींमधील सीमारेषा म्हणून तो सुचविला. तो मोजावयाचा होता कोवळ्या पानांत आणि त्याचा हेतू होता वर्गीकरणाची सोय. पुढे तोच आकडा फुलोऱ्याला लावण्यात आला. पानांवर प्रामुख्याने बिनदेठी ग्रंथी असतात आणि फुलोऱ्यावर सदेठ ग्रंथींची दाटी असते, हे वर आलेच आहे. पानासाठी आखलेली रेषा फुलोऱ्याला लावल्यावर तिचा अर्थ तोच राहत नाही.

शिवाय फुलोऱ्यातील प्रमाण पक्वतेबरोबर चढत जाते. एखाद्या वाणाचा फुलोरा आज मर्यादेच्या आत आणि पंधरवड्यानंतर तिच्याबाहेर असू शकतो. म्हणूनच नमुना काढणीपूर्वी किती दिवस आधी घ्यावा, याला अमेरिकेत महत्त्व आले. तेथील कृषी विभागाने २०१९ च्या तात्पुरत्या नियमात १५ दिवसांची मुदत दिली आणि २०२१ च्या अंतिम नियमात ती ३० दिवस केली. मोजणीतही अम्लाच्या वजनास ०.८७७ ने गुणून ते मुक्त द्रव्यात मिळवावे लागते. कारण रूपांतरात कार्बन डाय-ऑक्साइड निघून जाऊन रेणुभार तेवढ्या प्रमाणात घटतो. शेतकऱ्याचे पीक राहणार की नष्ट करावे लागणार, हे अशा वेळी वाणापेक्षाही नमुना घेतल्याच्या तारखेवर अवलंबून राहू शकते. राळग्रंथींची पद्धतशीर गणना या ठिकाणी खरोखर उपयोगी पडण्यासारखी आहे. ती रासायनिक पृथक्करणाची जागा घेऊ शकत नाही. पण ते पृथक्करण केव्हा करावे, याची पूर्वसूचना देऊ शकते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ग्रंथीचा रंग हे तिच्या वयाचे विश्वसनीय आणि तिच्यातील द्रव्याचे केवळ अप्रत्यक्ष चिन्ह आहे. ज्वारीच्या काळ्या ठिपक्याप्रमाणे येथे एक चिन्ह व एक घटना असा सरळ मेळ नाही. प्रत्येक ग्रंथी आपापल्या गतीने वाढते व जीर्ण होते आणि फुलोऱ्यावर कोणत्याही दिवशी सर्व वयाच्या ग्रंथी एकत्र असतात. म्हणून फुलोऱ्याची पक्वता ही एका ग्रंथीची अवस्था नसून एका समूहाचे प्रमाण होय; आणि कोणते प्रमाण पक्व मानावे, हे तंतू, बीज, औषधी द्रव्य किंवा वर्गीकरण यांपैकी हेतू कोणता यावर ठरते. ज्या नोंदीत निरीक्षणाची जागा, मोजलेल्या ग्रंथींची संख्या, प्रकाश, दिनांक व हेतू ही पाचही अंगे दिलेली नाहीत, त्या नोंदीतील ‘पक्व’ हा शब्द संशोधनात आधारभूत मानू नये, हेच इष्ट.